आता बरं आहे ना?

छातीचा बारावा मणका आणि कंबरेचा पहिला, या जोडापाशी पाठ सगळ्यात जास्त वेळा मोडते. वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला, खालचा वाकणारा-वळणारा. उंचावरून पडलं की दणका नेमका तिथे बसतो. आमच्या रायगडात मे संपत आला की माणसं कौलं चाळायला, पत्रे ठोकायला छपरावर चढतात आणि त्यातली काही नको त्या वाटेने खाली येतात. मी त्यातलाच. मज्जारज्जू वाचला हे नशीब. टायटॅनियमचे स्क्रू आणि दोन रॉड घालून पाठ बांधली, पट्टा लागला, यथावकाश सुटला. एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "झकास! स्क्रू जागेवर आहेत."

स्क्रू जागेवर असतात हो. माणूस जागेवर यायला वेळ लागतो, आणि तो जुन्याच जागी येतो असंही नाही.

पाठीच्या रुग्णाचं पुढचं आयुष्य कसं चाललंय हे मोजायला डॉक्टरांकडे एक प्रश्नावली असते. इंग्लंडातल्या ऑस्वेस्ट्री गावाचं नाव तिला आहे; १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रश्न दहा: दुखणं, आंघोळ-कपडे, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास वगैरे. एक प्रश्न कामजीवनाचाही आहे. माझ्या शेजारचे काका मुलीकडून फॉर्म भरून घेत होते. तिथे पान कसं उलटलं गेलं ते सांगायला नको. माझे गुण वीस टक्क्यांच्या आत आले. म्हणजे त्रास किरकोळ.

खोटं नाही ते. पण बसण्याच्या प्रश्नात सगळ्या खुर्च्याच. कुठल्याही खुर्चीत हवा तितका वेळ बसता येतं का, की फक्त आवडत्या खुर्चीत? अहो, आमचं बसणं जमिनीवरचं! सत्यनारायणाला पाटावर, पंगतीत मांडी घालून, गावच्या घरी अजून उकिडवं. बांधलेले मणके वाकत नाहीत. त्यांच्या वाट्याचं वाकणं वरच्या-खालच्या मणक्यांवर आणि खुब्यांवर पडतं. मांडी घालतो मी, पण वरणभाताला असतानाच पाठ बोलायला लागते. मग एक हात मागे टेकायचा आणि वाढप्याला वाटतं, याचं जेवण झालं. गणपतीत आरतीनंतर सगळे खाली बसून गप्पा मारतात, मी दाराच्या चौकटीला टेकून उभा. वहिनी म्हणतात, "बसा ना भावोजी, परके आहात का?" हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

प्रवासाचंही तसंच. लोकल पनवेललाच सुटते, म्हणून सकाळी बसायला मिळतं. संध्याकाळी वाशीला चढलं की उभं. नेरूळपर्यंत निभतं, सीवूड्सला कळ सुरू होते. जागा मागावी तर समोरचा आपादमस्तक न्याहाळतो: काठी नाही, कुबडी नाही, धडधाकट तर दिसतोय. दिव्यांगांच्या डब्यात चढायला लागणारा कागद माझ्याकडे नाही, आणि तो हक्क माझा नाहीही.

घरचे धीर द्यायला मोठी नावं घेतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीतून कोल्हापुरात अपंगांसाठी केवढी संस्था उभारली. माणसं थोरच. पण 'पंगतीत बसवत नाही' हे सांगायच्या आधी ही नावं कानावर आली, की तोंड आपसूक मिटतं. दुखण्याची अशी उतरंड लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

चालतो, कामावर जातो, रात्री झोप लागते. आयुष्य बरं आहे असंच मी म्हणेन. ते आणखी बरं करायला डॉक्टर फारसे लागत नाहीत. तुमच्या घरी पाठीचं ऑपरेशन झालेलं कोणी जेवायला आलं, तर "आता बरं आहे ना?" हे राहू द्या. पानं मांडायच्या आधी विचारा, "खुर्ची देऊ का?"