ओहम् सोऽहम्

आमच्या वर्धा जिल्ह्याला आवाज चढवून बोलण्याची परंपरा नाही. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. दर सोमवारी ते मौन पाळत, आणि तरीही उरलेला देश त्यांचं ऐकत असे. पण हा दाखला माझ्या हिंगणघाटच्या भाच्याला लागू पडत नाही. तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, आणि आठवड्याचे सातही दिवस वाजवतो.

शिकवण्या करून त्यानं चाळीस हजार रुपये साठवले आणि सल्ल्यासाठी माझ्याकडे आला. मी बी.कॉम., बँकेत कारकून. म्हणजे गिटारशी माझा संबंध शून्य. पण दुसऱ्याचे पैसे कुठे घालावेत हे सांगण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव.

"मामाजी, शंभर वॉटचं हेड घेतो, अन् चार स्पीकरची पेटी."

"आपल्या माइकवाल्याकडे मशीन आहे, भोंगे आहेत. त्यात काय वाईट?"

"त्याईच्यात गिटार लावली का पत्र्यावर खिळा घासल्यावानी वाजते जी!"

हे खरं आहे. भोंगा घडवला तो माणसाचं भाषण चार गल्ल्यांपलीकडे फेकायला. गिटारच्या आवाजातला खालचा भारदस्तपणा त्याला पेलत नाही आणि वरचा कर्कशपणा तो इमानेइतबारे पोचवतो. गिटारचा स्पीकर वेगळा. तो हा कर्कशपणा स्वतःच गिळून टाकतो. घरात एक सोशिक माणूस असावा, तसा.

मग मी विषयाचा अभ्यास केला. हेड म्हणजे आवाज वाढवणारं मशीन आणि कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी. आमच्याकडेही हीच व्यवस्था आहे : ताकद सगळी हेड ऑफिसात आणि आरडाओरडा सगळा शाखेत. दोन्ही एकाच खोक्यात असली की त्याला कॉम्बो म्हणतात. ही आपली गावातली पतसंस्था समजा.

वॉट हा आकडा पगारासारखा असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पीएमपीओ' म्हणून छापलेला असतो तो भुलवण्यासाठी. हाती पडतो तो 'आरएमएस'. शिवाय पन्नास वॉटचे शंभर केले, तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबलनं. म्हणजे महागाई भत्त्याचा हप्ता! कागदावर दिसतो, घरात जाणवत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट सुमारे दहापट लागतात.

ओहमचं प्रकरण मात्र मला चटकन कळलं. ओहम म्हणजे अडथळा. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की सोळा होत नाहीत, चार होतात. लोक चक्रावतात, बँकवाला चक्रावत नाही. एकाऐवजी दोन खिडक्या उघडल्या की रांग दुप्पट वेगानं सरकते आणि मागे तिजोरीपाशी बसलेल्याला घाम फुटतो. ज्या मशीनवर 'किमान आठ' लिहिलंय त्याला चार जोडलं, तर मशीनलाही घाम फुटतो. फरक इतकाच की त्याचा धूर दिसतो. आणि व्हॉल्व्हचं हेड पेटी जोडल्याशिवाय कधी वाजवू नये. आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शाखाच नसली तर हेड ऑफिसनं परिपत्रकं पाठवायची कुणाला? आतल्या आत जळणारच!

या उंच पेट्यांचं वेड आलं लंडनहून. १९६५च्या सुमारास 'द हू' या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता. जिम मार्शल या दुकानदारानं त्याला शंभर वॉटचं हेड आणि आठ स्पीकरची एक अगडबंब पेटी करून दिली. ती उचलताना हमालांचे हाल झाले, तेव्हा तिच्या दोन पेट्या करून एकावर एक रचल्या. पुढे मोठमोठ्या रंगमंचांवर अशा पेट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येक आतून रिकाम्या, नुसत्या शोभेच्या असत. यात हसण्यासारखं काही नाही. अशी टेबलं मी नोकरीत पाहिली आहेत.

एक चार स्पीकरची पेटीच पस्तीस-चाळीस किलोंची. भाचा बावन्न किलोंचा. ऑटोत दोघांपैकी एकच बसणार.

"पण तुला इतका आवाज हवा कशाला? वस्तीत दिवसा मर्यादा पंचावन्न डेसिबलची, रात्री दहानंतर उघड्यावर बंदी. सणासुदीला बारापर्यंत सूट मिळते, तीही वर्षाकाठी मोजक्याच दिवसांची."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा पहिल्या रांगेत बसते जी. त्याईले ऐकूच येत नाही."

माझे मेहुणे तीस वर्षं जिनिंगमध्ये होते. सरकी कापसातून सुटली आणि त्यांच्या कानांतून आवाज.

आता हिशेब सोपा झाला. शंभर वॉटनं बाबांना ऐकू येणार नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तेवढा बाबांसारखा झाला असता, आणि पेटीपुढे रोज उभा राहून भाचाही. मी कागदावर दोन रकाने पाडले. वीस वॉटचा कॉम्बो घ्यायचा, त्याच्यासमोर माइक ठेवायचा आणि मैदानभर पोचवण्याचं काम माइकवाल्याच्या मोठ्या पेट्यांवर सोपवायचं. कॉम्बो जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवायचा. कारण जमिनीवरचा आवाज वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना लागतो, आणि तिथे कान नसतात. उरलेली रक्कम दुसऱ्या रकान्यात.

त्या रकान्यासाठी आम्ही तिघं सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेलो. कान तपासले, यंत्र घेतलं. जुन्या कारखान्याची बहिऱ्हट पुरती जात नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण सुटलं ते व्याज तरी सुटलं.

कॉम्बो घरी आला. भाच्यानं तो खुर्चीवर ठेवला, बटण एकाच्या थोडं पुढे नेलं आणि वाजवायला लागला. मेहुणे मान वाकडी करून ऐकत होते. बहीण पदर हातात धरून दारात उभी. एक गाणं संपलं. कुणी काही बोलेना. भाचा बापाच्या तोंडाकडे बघत होता.

मेहुण्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि बऱ्याच वर्षांनी मुलाला तक्रार केली.

"कायले इतका आवाज? जरासा कमी कर ना बापा."

भाचा इतका खूष झालेला मी कधी पाहिला नव्हता.