कोरा रकाना

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडायला दोन हात लागत. तारीख, दाखल क्रमांक, ग्रंथकार, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, बिलाचा तपशील, वर्गांक आणि अखेरीस शेरा, असे तिचे रकाने समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले असत, आणि त्या रकान्यांतून ग्रंथ एकदा उतरला म्हणजे वाचनालयाच्या दप्तरी त्याचा जन्म झाला असे आम्ही मानीत असू. १९९१ च्या जूनमध्ये मी साहाय्यक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या वेळचे आमचे ग्रंथपाल, ज्यांना सारा गाव नाना म्हणे, त्यांनी पहिल्याच दिवशी ती वही माझ्यापुढे ठेवली, आणि संध्याकाळी मी केलेल्या सात नोंदींपैकी तीन नोंदी तांबड्या शाईने वर्तुळात घेतल्या. त्यांत अशुद्ध असे काही नव्हते. ज्या पुस्तकांवर प्रकाशनवर्ष छापलेले नव्हते त्यांचा तो रकाना मी कोरा सोडला होता, इतकेच. नाना म्हणाले, "पोरी, कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. आडवी रेघ म्हणजे पाहिले, आणि नव्हते. तुझ्यामागून येणाऱ्याला या दोहोंतला फरक कळायला हवा."

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, वाचनालयाला कुलूप असताना आणि कपाटांतील ग्रंथांना वाळवी लागू नये एवढ्यापुरतीच मला आठवड्यातून एकदा आत जाण्याची परवानगी असताना, मी रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरातील ओट्याशी मोबाईल उभा करून ग्रंथालय-संगणकप्रणालीचे पाठ ऐकू लागले. शिकवणारा तरुण माझ्या नोकरीपेक्षाही वयाने लहान होता. एके रात्री त्याने एसक्यूएल या प्रश्न विचारण्याच्या भाषेत एक प्रश्न रचायला सांगितला: जे ग्रंथ आजवर एकदाही कोणी घरी नेलेले नाहीत, त्यांची यादी काढा. मी लिहिले की शेवटच्या देवघेवीची तारीख 'नल' बरोबर असेल ते ग्रंथ दाखव. 'नल' म्हणजे रिक्त. यंत्राने एकही ग्रंथ दाखविला नाही, आणि आमच्या वाचनालयात न वाचलेला ग्रंथ एकही नाही असे क्षणभर मानण्याचा मोह मला झाला. तरुणाने समजावले की जे रिक्त आहे त्याची बरोबरी यंत्र कशाशीच मान्य करीत नाही, दुसऱ्या रिक्ताशीदेखील नाही. म्हणून 'बरोबर' असे न विचारता 'रिक्त आहे काय' असेच विचारावे लागते. मी शब्द बदलले, आणि पडद्यावर यादी उतरू लागली. ती खाली सरकत असताना मला नानांची तांबडी वर्तुळे आठवली. ज्या भेदासाठी त्यांनी माझ्या पहिल्या दिवसाच्या नोंदी घेरल्या होत्या, तोच भेद यंत्राच्या या भाषेत मुळापासून विणलेला आहे, हे त्या रात्री प्रथमच मला उमगले, आणि संगणकाविषयी माझ्या मनात वर्षानुवर्षे साचलेली धास्ती जी ओसरली ती पुन्हा परत आली नाही.

आमच्या व्यवसायात शिकण्याची वाट नेहमीच दूरवरून आलेली आहे. परदेशप्रवासात तिकडची ग्रंथालये पाहून आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या ग्रंथपालास अमेरिकेहून बडोद्यास आणले, आणि पुढल्याच वर्षी तेथे ग्रंथपालनाचा वर्ग सुरू झाला. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद स्वीकारले तेव्हा रंगनाथन तिशी ओलांडलेले गणिताचे अध्यापक होते. हा व्यवसाय त्यांना लंडनला जाऊन शिकावा लागला, आणि तेथून परतल्यावर त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे व १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण सिद्ध केले. ज्या वर्षी मी रुजू झाले त्याच वर्षी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र-संस्थेचा एक प्रकल्प म्हणून इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याचा आरंभ झाला आणि विद्यापीठांची ग्रंथालये परस्परांशी जोडण्याचा विचार देशात मूळ धरू लागला. परंतु त्याची वार्ता कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात आम्हांला पोहोचायला दहा वर्षे लागली. माझी पदवी मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तके टपालाने मागवून घेतली. जे शिकण्यासाठी एका संस्थानिकाला गुरूच समुद्रापलीकडून आणवावा लागला, ते आता 'स्वयम्'सारख्या मंचावरून फुकट, आणि भाकऱ्या झाल्यानंतरच्या वेळात, माझ्यासारखीला घरबसल्या मिळते, ही गोष्ट मी लहान मानीत नाही.

मी शिकले त्या प्रणालीचे नाव 'कोहा'. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयांपाशी १९९९ मध्ये असा पेच उभा राहिला की त्यांची जुनी संगणकप्रणाली २००० सालच्या तारखा ओळखणार नव्हती, आणि नवी विकत घेण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती. त्यांनी स्वतःपुरती एक प्रणाली घडवून घेतली आणि ती जगाला मोफत देऊन टाकली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, परतफेडीची जाणीव पोटात बाळगणारी भेट. आमच्याकडच्या आहेराशी तिचे नाते मला फार जवळचे वाटते. आमच्यासारख्याच लहानशा, अनुदानावर जगणाऱ्या वाचनालयांच्या निकडीतून ही प्रणाली जन्मली, हे कळल्यावर तिच्यापुढे बसताना मला परकेपणा वाटेनासा झाला.

परंतु प्रणाली शिकणे वेगळे आणि आपल्या तेवीस हजार ग्रंथांना तिच्यात नेऊन बसविणे वेगळे. २००८ च्या सुमारास आमच्या संस्थेने संगणकीकरणाचे काम एका ठेकेदाराकडे सोपविले होते. नोंदीमागे ठराविक दर होता, आणि नोंदी करणाऱ्या मुलांनी ग्रंथ कपाटातून काढून न पाहता केवळ नोंदवही समोर ठेवून टंकन केले. तेही युनिकोडपूर्व काळातील एका मराठी टंकात, ज्यात पडद्यावर देवनागरी दिसे खरी, परंतु आत साठविलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. नव्या प्रणालीत त्या नोंदी उघडल्या तेव्हा ग्रंथांच्या नावांऐवजी अर्थहीन अक्षरांच्या ओळी समोर आल्या. त्या पुन्हा मराठीत आणण्यासाठी मी आणि आमच्याकडे देवघेव सांभाळणारी मुलगी अशा दोघींनी पाच महिने चिन्हामागून चिन्ह जुळवून एक कोष्टक तयार केले. त्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असे, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडात ती अक्षरानंतर येते, कारण ती उच्चारात नंतर येते. रफाराचे नेमके उलट. 'निर्मिती' हा एक शब्द सुखरूप पार नेण्यासाठी अक्षरे किती घरे मागेपुढे सरकवावी लागतात, हे ज्याने केले असेल त्यालाच ठाऊक.

अक्षरे परत आली, आणि मग त्याहून मोठे नुकसान दिसले. नानांनी तीस वर्षे काढलेल्या आडव्या रेघा ठेकेदाराच्या मुलांनी टंकित केल्याच नव्हत्या. रेघ म्हणजे काही नाही, असे समजून त्यांनी ते रकाने कोरे सोडले होते. एका माणसाने हजारो ग्रंथांची मुखपृष्ठे, मागची पाने, प्रस्तावनेखालच्या तारखा पाहून जी खात्री नोंदवून ठेवली होती, ती एका उन्हाळ्यात पुसली गेली, आणि बारा वर्षे ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. या गोष्टीचे दुःख मला आजही होते.

आता, ग्रंथनोंदींच्या ज्या 'मार्क' नामक आराखड्यावर जगभरची ग्रंथालये चालतात, त्यात शून्य शून्य आठ या क्रमांकाचे एक चाळीस अक्षरांचे क्षेत्र आहे. त्याच्या एका विवक्षित घरात 'एन' हे अक्षर लिहिले, आणि पुढे वर्षांसाठी राखलेल्या घरांत 'यू' हे अक्षर भरले, की त्याचा अर्थ होतो: प्रकाशनवर्ष अज्ञात. म्हणजेच पाहिले, आणि नव्हते. हा नियम वाचला त्या क्षणी मी मुलीला हाक मारून म्हटले, "अगं, ही तर नानांची रेघ!" साठीच्या दशकात वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्राम यांनी ज्या आराखड्याचा पाया घातला, त्यात आमच्या तालुक्याच्या नानांच्या रेघेसाठी जागा राखलेली होती. वर्गाच्या व्याख्यानात हे क्षेत्र अर्ध्या मिनिटात आटोपले होते. प्रणाली ते आपोआप भरते, तुम्ही काळजी करू नका, असे सांगण्यात आले होते. नोंदवहीचा हात ज्याला आहे त्याने मात्र नेमकी याच ठिकाणी काळजी केली पाहिजे.

अशा जागा मराठीत किती तरी आहेत. 'वाऱ्यावरची वरात' शोधणाऱ्या वाचकाला आमची प्रणाली तीन प्रतींपैकी एकच दाखवी, कारण त्यातला अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला निराळे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीच्या नावातला दुसरा शब्द जुन्या आवृत्तीवर 'लक्षांत' असा सानुस्वार आहे, आणि १९६२ च्या लेखननियमांनंतर शिकलेला वाचक ते 'लक्षात' असे शोधतो. ग्रंथपालाने मुखपृष्ठाशी इमान राखावे की वाचकाशी? आराखडा म्हणतो, दोघांशीही: मुख्य नाव दोनशे पंचेचाळीसमध्ये जसेच्या तसे, आणि पर्यायी रूप दोनशे शेहेचाळीसमध्ये. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या तीन नावांमागे एकच लेखिका आहे, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगू शकेल असा माणूस मराठी वाचणाराच असावा लागतो. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापाशी यंत्र नव्हते, ही चिकाटी मात्र होती. यंत्राच्या आज्ञा कोणत्याही वर्गात शिकविता येतात. ही चिकाटी अंगी बाणण्यासाठी स्वतःच्या वाचनालयातील शंभर नोंदी करून त्या कोणा जाणत्याकडून तांबड्या शाईने तपासून घ्याव्या लागतात, आणि घरबसल्या शिक्षणात नेमके तेवढेच राहून जाते. म्हणून गेली दोन वर्षे शेजारच्या दोन तालुक्यांतील ग्रंथपाल दर शुक्रवारी मला वीस वीस नोंदी पाठवितात आणि मी त्या तपासून परत करते.

ज्या मुलीबरोबर मी ते कोष्टक रचले, ती गेल्या दिवाळीनंतर पुण्यास एका कंपनीत लागली. तेथे तिच्या हाती ग्रंथ नाहीत; हजारो जिनसांची नावे, त्यांची वर्गवारी आणि पर्यायी शब्द नीट लावून ठेवणे हे तिचे काम, आणि त्याचे वेतन इथल्याच्या पाचपट आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी तरी बोलले की वाचनालयाच्या खर्चाने शिकली आणि गेली. वस्तुतः वाचनालयाने तिच्या शिक्षणावर एक पैसा खर्च केला नव्हता. ती शिकली ती माझ्यासारखीच, रात्री, स्वतःच्या मोबाईलवर, दिवसभराची देवघेव आटोपून. ग्रंथपालाचे शिक्षण त्याच्या झोपेतून वसूल करायचे आणि त्या शिक्षणाला हुद्दा किंवा वेतन यांपैकी काहीच जोडायचे नाही, हा शिरस्ता जोवर चालू राहील, तोवर शिकलेली माणसे जाणारच, आणि त्यांना जाऊ नका म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती निघाली तेव्हा मला वाईट वाटले, परंतु तिचा मी अभिमानच धरते. हे सारे मी बैठकीत उभी राहून सांगितले. ते इतिवृत्तात आले नाही.

रेघा परत बसविण्याचे काम आता मी एकटीच करते. प्रकाशनवर्ष रिक्त असलेल्या नोंदींची यादी यंत्राकडून काढायची, एकेका दाखल क्रमांकाला जुन्या वहीत रेघ आहे की नाही ते पाहायचे, आणि असेल तर ग्रंथ कपाटातून काढून, एकदा स्वतः चाळून, मगच 'एन' लिहायचा. गेल्या आठवड्यात एक शिळाछाप पोथी हाती आली. मुखपृष्ठ फाटलेले, कागद पिवळा पडून कडांना चुरा झालेला. वहीत नानांची रेघ स्पष्ट होती. मी नेहमीप्रमाणे पाने उलटत गेले, आणि शेवटाशी, वेलबुट्टीच्या चौकटीखाली, दोन पाने परस्परांना चिकटलेली दिसली. ओलसर फडक्याच्या वाफेवर ती सावकाश सोडविली, तेव्हा आत बारीक अक्षरांत शके १८०४ असे छापलेले होते. मी त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून १८८२ हे वर्ष नोंदीत घातले, आणि शक जसा छापला होता तसा टिपेत लिहिला. मग जुनी वही दोन्ही हातांनी उघडली. नानांची रेघ मी खोडली नाही. तिच्या पुढे तांबड्या शाईने वर्ष लिहिले, खाली माझी आद्याक्षरे घातली, आणि त्या दिवसाची तारीख.