यात तो कुठाय?

साठी उलटल्यावर मी कॅमेरा घेतला हे ऐकून आमच्या जाऊबाई हसल्या. प्रत्येकाच्या हातात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

कारण सांगते. नातू कोल्हापूरच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवतो. त्याला तिथं पहिल्यांदा नेलं ते ह्यांनीच. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ट्रॅकवर जाणं बंद. फोनच्या काचेवर त्यांना नीट दिसत नाही. कागदावरचा फोटो मात्र उजव्या हातात धरून किती तरी वेळ बघत बसतात. म्हणून फोनवर काढलेले फोटो छापून आणले. ह्यांनी एकेक पाहिला आणि विचारलं, "यात तो कुठाय?" एका फोटोत रिकामा रस्ता, दुसऱ्यात मागचं चाक, तिसऱ्यात नुसती जाळी.

दुकानातला मुलगा मेगापिक्सेलचेच आकडे सांगत बसला. माझं बी.कॉम. अजून वाया गेलेलं नाही, घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर मांडलं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. ४ बाय ६ चा फोटो म्हणजे १२०० गुणिले १८००, जेमतेम २२ लाख ठिपके. ८ बाय १२ ला ८६ लाख. म्हणजे ९ मेगापिक्सेलमध्ये आमच्या भिंतीचं काम भागतं. २० असले तर निम्मा फोटो कापला तरी चालतो.

खरा प्रश्न सेन्सरचा. साध्या छोट्या कॅमेऱ्यात तो साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो, 'एक इंची' म्हणतात तो १३ बाय ९ चा. (इंचभर कुठंच नाही! सोनारानं असं माप सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का?) पण चौपट जागा, म्हणून उजेड जास्त पकडतो, आणि मोठ्या प्रिंटवर रवाळपणा कमी येतो. रात्रीचं जेवण नसल्यामुळे सूर्यास्ताची वेळ मला रोज तोंडपाठ असते, आणि शेवटच्या शर्यती नेमक्या उतरत्या उजेडात होतात.

३० पट झूमवाल्या स्वस्त कॅमेऱ्याचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण त्यात सेन्सर तो छोटाच. शेवटी सोनीचा २०१८ चा आरएक्स१००, सहावा, वापरलेला घेतला. एक इंची सेन्सर, आठपट झूम, आणि डोळा लावून बघायची छोटी खिडकी. उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, त्यामुळे ती खिडकी हवीच.

तरी पहिल्या दिवशी सगळे फोटो फुकट! मग पुन्हा हिशेब. कार्ट ताशी ७२ किलोमीटरनं पळत असेल तर सेकंदाला २० मीटर. फोकस शोधण्यात अर्धा सेकंद गेला की नातू १० मीटर पुढं. आता मी वळणावर उभी राहते, तिथं वेग उतरतो. गाडी यायच्या आधीच बटण अर्धं दाबून ठेवते. भिंग जाळीला अगदी चिकटवते, नाहीतर फोकस जाळीवरच बसतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात काढलं तर चाकंसुद्धा थिजतात, गाडी उभी केल्यासारखी दिसते. सव्वाशेवा भाग ठेवून तिच्याबरोबर कमरेतून वळत गेलं की मागची झाडं पुसट होतात आणि पोरगा स्पष्ट येतो. कंबर दुखते, ते वेगळं.

गेल्या रविवारी ११७ काढले, ६ छापण्याजोगे निघाले. ह्यांनी ८ बाय १२ चा हातात घेतला, खिडकीकडे तिरपा धरला, बराच वेळ बघितला.

"कोपर बाहेर काढतोय वळताना," म्हणाले. "सांग त्याला."