खिडकीतली मेथी

थंडीत वृद्धांचे घराबाहेर पडणे कमी होते. आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आमचे नाना असेच मिटून गेले. त्यांच्या औषधांच्या वेळा मी सांभाळत होते. त्यांच्या हातांना काम मात्र उरले नव्हते.

अखेर स्वयंपाकघरातील मेथी उपयोगी पडली. पेरणीच्या बियाण्याला अनेकदा औषध लावलेले असते, म्हणून खाण्याचेच दाणे घ्यावेत. ते रात्रभर भिजवून, तळाला भोके असलेल्या पसरट डब्यात ओलसर कोकोपीटवर दाट पसरावेत. दोन-तीन दिवस झाकून मग खिडकीत ठेवावेत. पाणी केवळ शिंपडावे. साचल्यास बुरशी धरते. साधारण 10-12 दिवसांत बोटभर वाढलेली रोपे कात्रीने कापावीत आणि स्वच्छ धुऊन कोशिंबिरीत घालावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. हिरव्या पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्वामुळे काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

पाणी शिंपडण्याचे काम नानांनी स्वतःकडे घेतले. कोंब किती वर आले, हे ते रोज सकाळी मला बोलावून दाखवू लागले. मूठभर पाल्याने पोषणात फारशी भर पडत नसेल. पण ज्यांची आपण काळजी घेतो, त्यांनाही कोणाची तरी काळजी घ्यावीशी वाटते, हे मला त्या हिवाळ्यात उमगले.