आजीची मुंबई

चैत्राचे शेवटचे दिवस होते. काजूचा हंगाम सरत आला होता आणि झाडांवर आंबे पाडाला लागले होते. अशा दिवसांत कोकणातला माणूस सहसा गाव सोडून जात नाही. उलट मुंबईस गेलेला माणूस गावाची वाट धरतो. पण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात या वर्षी उलटी गंगा वाहिली. ऐंशीच्या घरातली एक आजी आपल्या दोन नातवंडांसह मुंबई पाहावयास निघाली. शाळेची परीक्षा नुकतीच संपली होती. नात बारा वर्षांची, नातू दहा वर्षांचा. दोघांना नेण्यासाठी त्यांचे काका डोंबिवलीहून मुद्दाम आले होते.

आजीने मुंबई कधीच पाहिली नव्हती, आणि हेच मोठे नवल होते. कारण तिच्या घरात मुंबईवाचून दुसरा विषय नसे. तिचे यजमान ऐन तारुण्यात मुंबईच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात लागले. १९६३ साली लग्न झाले; पण पुढची वीस वर्षे ते मुंबईत आणि आजी गावी. शिमग्याला आणि गणपतीला ते येत, चार दिवस घर भरून जाई, की पुन्हा ट्रंक उचलून बोटीची नाही तर मोटारीची वाट. अशा माणसाला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. शब्द मोठा गमतीचा आहे. चाकरीही त्यातच आणि मानही त्यातच! महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येई आणि तिच्या मागच्या चिठोऱ्यावर दोन ओळी असत. आजीची मुंबई त्या दोन ओळींएवढी होती.

नव्या नवरीने एकदा धीर करून विचारले होते, ‘मीही येऊ का तिकडे?’ त्यावर उत्तर आले, ‘खोली ऐसपैस आहे, वारा भरपूर येतो, जेवणाचीही आबाळ नाही, पण मुंबईचे पाणी तुला मानवणार नाही.’ पुन्हा तिने तो विषय काढला नाही. शेत, गुरे आणि म्हातारे सासूसासरे यांत तिचे दिवस गेले.

रात्रीच्या गाडीने मंडळी निघाली. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला; त्यामुळे ज्या प्रवासाला आजोबांना एक रात्र आणि अर्धा दिवस लागे, तो आता झोपेतच सरतो. मुलांनी काय काय पाहावयाचे त्याची यादीच केली होती. समुद्रावरचा पूल, गेटवे ऑफ इंडिया, भुयारातून धावणारी मेट्रो आणि राणीच्या बागेतले पेंग्विन. आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला दोनच गोष्टी पाहावयाच्या आहेत. ह्यांची खोली आणि ते झाड.”

“कोणते झाड, आजी?”

“होते एक थापेचे झाड,” एवढेच बोलून आजीने पदर सारखा केला. तिच्या पिशवीत हंगामाच्या अखेरच्या सुरंगीचा एक वळेसर रुमालात बांधलेला होता. सुरंगीचे फूल सुकले तरी त्याचा वास जात नाही. सारा डबा त्या वासाने घमघमला होता.

पहाटे गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आली. ही भव्य वास्तू १८८८ साली बांधून पुरी झाली. तिला बोरीबंदर, व्हीटी अशी नावे लोकांच्या तोंडी अजूनही आहेत. उंच घुमट, रंगीत काचा, भिंतींतून डोकावणारे दगडी मोर, माकडे आणि पानाफुलांच्या नक्ष्या पाहून नातू मान वर करून चालू लागला आणि दोनदा हमालाच्या अंगावर आदळला. १६ एप्रिल १८५३ रोजी याच बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी सुटली. तिला तीन इंजिने, चौदा डबे आणि सुमारे चारशे प्रवासी होते, असे काकांनी सांगितले. तीही वसंतातलीच गोष्ट.

पहिला दिवस मुलांचा होता. १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया त्यांनी पाहिले. ज्या राजाच्या स्वागताची आठवण म्हणून हे दार उभारले, त्याच राज्याची अखेरची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ह्याच दारातून बाहेर पडली, हे ऐकून नातीला फार हसू आले. तेथून मंडळी हुतात्मा चौकात गेली. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचलेल्या शंभराहून अधिक माणसांचे हे स्मारक. एक कामगार आणि एक शेतकरी खांद्याला खांदा लावून एकच मशाल धरून उभे आहेत. आजी बराच वेळ त्या दोघांकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “यातला शेतकरी कोणता?” काकांनी बोट दाखविले. “बरे आहे,” आजी म्हणाली, “येथे तरी दोघे एका ठिकाणी आहेत.”

मुंबईत वसंत येत असेल असे आजीला वाटले नव्हते. चाळी, गिरण्या आणि धूर एवढेच तिने ऐकलेले. पण रस्त्याच्या कडेला सोनमोहर फुलला होता आणि त्याचा पिवळा सडा मोटारींच्या टपांवर पडला होता. पिंपळाची कोवळी, तांबूस पालवी उन्हात चमकत होती. उंच इमारतींच्या मधल्या एका आंब्यावर कोकीळ ओरडत होता. वाहनांच्या गदारोळात त्याचे कोण ऐकणार, याची पर्वा त्याला नव्हती. “आपल्याकडच्यासारखाच ओरडतो,” असे नातू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंडळी लालबागेत उतरली. गिरणगाव म्हणतात तो हाच भाग. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीत १८५६ साली काम सुरू झाले, आणि पुढे अनेक भोंग्यांच्या आवाजावर या भागाची पहाट आणि संध्याकाळ ठरू लागली. आजोबांच्या गिरणीच्या जागी आता काचेचे मनोरे उभे होते. एका कोपऱ्यात विटांचे एक धुराडे तेवढे उरले होते आणि त्याच्या कडेच्या भेगेत पिंपळाचे रोप वाढले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. हजारो माणसे गावोगाव परतली. पुढल्या वर्षी आजोबाही ट्रंक घेऊन घरी आले, ते पुन्हा गेले नाहीत. मरेपर्यंत ते शेतावर राबले. पण पहाटे भोंग्याच्या वेळेस त्यांना आपोआप जाग येई.

खोली मात्र जागेवर होती. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, झिजलेल्या लाकडी जिन्याने वर जावे लागले. ही गावकीची खोली. गावातला कोणीही मुलगा नोकरीसाठी मुंबईस आला की त्याने येथे उतरावयाचे, हा जुना रिवाज. आजही गावची चार मुले तेथे राहत होती. गावचे एक वृद्ध गृहस्थही आजी येणार म्हणून मुद्दाम येऊन बसले होते. ते आजोबांच्याच गिरणीत कामाला होते.

खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. एक खिडकी, एका कोपऱ्यात मोरी. आजीने उंबऱ्यातून आत पाहिले आणि सहज विचारले, “आतली खोली कोठे आहे?”

वृद्ध गृहस्थ हसले. “वहिनी, आत आणि बाहेर सगळे एवढेच. आम्ही वीस जण होतो.”

मग त्यांनी सारे उलगडून सांगितले. गिरणीत तीन पाळ्या चालत. पहिल्या पाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे लोक त्याच वळकट्यांवर आडवे होत. अंथरूण कधी गार पडत नसे. उन्हाळ्यात अर्धे लोक फुटपाथवर निजत. पावसाळ्यात तेही नाही. मग गॅलरीत पाय पोटाशी घेऊन बसल्याबसल्याच डोळा लागे. जेवण शेजारच्या खानावळीत, पाळीप्रमाणे. प्रत्येकाच्या मालकीची दोनच गोष्टी होत्या. ट्रंकेपुरती जागा आणि भिंतीतली एक खुंटी.

“ह्यांची कोणती?” आजीने विचारले.

गृहस्थांनी खिडकीजवळची खुंटी दाखविली. तीवर आता कोणा मुलाची शाळेच्या दप्तरासारखी पिशवी लोंबत होती. आजी तिच्याखाली भिंतीला टेकून बसली. फणसपोळी आणि कुळथाचे पीठ ती दरवर्षी धाडीत असे. आणि ‘पोचले, सर्वांनी खाल्ले’ असे उत्तर येत असे. ते ‘सर्वांनी’ म्हणजे किती जण, हे तिला आज कळत होते. नातवंडे गप्प झाली. खोलीतल्या मुलांपैकी एकाने पुढे होऊन पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवला. आजीने दोन घोट घेतले आणि तांब्या खाली ठेवीत ती म्हणाली, “पाणी मानवणार नाही म्हणे!” तिला राग आला होता की हसू, हे नातीला नीट कळले नाही.

जिना उतरल्यावर आजी म्हणाली, “एवढी मोठी थाप त्यांना मारता येत होती तर! मला वाटे, ते थाप मारीत ती त्या झाडाचीच.”

आता ते झाड राहिले होते. काका सर्वांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत घेऊन गेले. १८६२ साली सुरू झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला तो जुना दगडी हत्ती, ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. मुलांनी थंडगार दालनातले पेंग्विन पाहिले आणि तेथून त्यांचे पाय निघेनात. पण ह्या बागेची खरी श्रीमंती तिच्या झाडांत आहे. ताम्हणाला जांभळे तुरे येऊ लागले होते. कैलासपतीची फुले फांदीवर न येता बुंध्यालाच लगडली होती. देशोदेशींची झाडे येथे दीडशेहून अधिक वर्षे नांदत आहेत.

आजोबा सुटीच्या दिवशी येथे येत. गावी आल्यावर त्यांनी एकदा सांगितले होते, ‘तेथे एका झाडाचा बुंधा आपल्या न्हाणीएवढा आहे. आणि चैत्रात साऱ्या झाडांना पालवी फुटते, तेव्हा हे एकटेच उघडेबोडके उभे असते, हत्ती उभा राहावा तसे.’ न्हाणीएवढा बुंधा! सारे घर त्या दिवशी हसले होते. आजी तर कोणी काही वाढवून सांगू लागले की पुढे नेहमी म्हणे, ‘झाले यांचे मुंबईचे झाड सुरू!’

वळणावर ते उभे होते. गोरखचिंच! आफ्रिकेतून आलेले झाड. फुगीर बुंध्यात पाणी साठवून कोरडे महिने काढते आणि पावसाची चाहूल लागली की पालवते. भोवती हिरवे रान माजले असता याच्या फांद्यांना पान नव्हते. बुंधा करडा, गुळगुळीत, आणि खाली हत्तीच्या कातडीसारख्या वळ्या. नात, नातू आणि काका यांनी हात पसरून बुंध्याला मिठी घातली. तिघांची मिठी पुरली नाही.

आजीने झाडाला एक फेरी घातली. मग बुंध्यावर हात ठेवून ती उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने रुमाल सोडला, सुरंगीचा सुकलेला वळेसर मुळाशी ठेवला आणि नातीला म्हणाली, “चल, तुझे ते पक्षी पुन्हा एकदा पाहून येऊ.”

आठवड्याने मंडळी गावी परतली. संध्याकाळी शेजारीणबाई मुंबईची हकीकत ऐकावयास ओटीवर येऊन बसल्या. आजीने समुद्रावरचा पूल सांगितला, पेंग्विन सांगितले. शेजारणीने माना डोलावल्या. मग आजी म्हणाली, “आणि तेथे एक झाड आहे. त्याचा बुंधा आपल्या न्हाणीएवढा आहे.”

शेजारीणबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.