वसुलीवाल्याशी कागदावर बोला

शिक्षणासाठी काढलेलं माझं कर्ज थकलेलं आहे आणि पगारातून पूर्ण हप्ता निघत नाही. या अवस्थेत माझं एक मत पक्कं झालंय: देणं नाकारू नये, पण त्याची बोलणी फोनवर करू नयेत. ‘संध्याकाळपर्यंत पाच हजार टाका, नाहीतर पोलीस येतील’ असं ऐकलं की माणूस सोनं गहाण टाकतो किंवा मोबाइलच्या अॅपवरून त्याहून महाग कर्ज उचलतो. एवढं करून हाती काय लागतं? हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सगळी थकबाकी भरल्याशिवाय तो शिक्का पुसत नाही. पाच हजारांनी फक्त त्या दिवसाचा फोन थांबतो. पोलिसांचं म्हणाल, तर हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. मात्र घाबरून पुढच्या तारखेचा चेक दिला आणि तो वटला नाही, तर तिथे फौजदारी लागू शकते.

बँक दाव्यात जिंकली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आडवं येतं: पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. म्हणजे १६,००० पगार असेल तर ११,००० सुरक्षित. कोर्टही ज्याला हात लावत नाही, ते फोनवरचा पोरगा दमदाटीने काढून घेतो.

यावर कुणी म्हणेल, बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा पैसा. तो बुडवायचा का? मुळीच नाही. पण हे कर्ज भावी कमाईच्या भरवशावर दिलेलं असतं; कमाई कमी निघाली तर हप्ताही तिला जुळवून घ्यावा, एवढंच मागणं आहे. याउलट, काही शहाणे सांगतात की कशावरही सही करू नकोस, रुपयाही भरू नकोस. तीन वर्षांत मुदत संपेल. मुदतीत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली तर ती मुदत नव्याने सुरू होते, हे खरंच. पण बँका बहुधा त्याआधीच दावा लावतात, आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईवडिलांनाही तेच फोन जातात. लपण्याची किंमत त्यांनी का मोजावी?

म्हणून शाखेत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. खातेउतारा मागावा, त्यात मुद्दल, व्याज, दंड वेगळे दाखवायला सांगावं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानुसार दंडावर व्याज चढवता येत नाही. दरमहा किती झेपेल ते पगारपत्रक जोडून लिहावं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे, हेही त्यातच लिहावं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. एकरकमी तडजोड ठरलीच, तर शाखेच्या सहीशिक्क्याचं पत्र हातात पडेपर्यंत पैसे देऊ नयेत, आणि सिबिलमध्ये त्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडणार हे धरूनच सही करावी.