सत्याग्रहाच्या सालची

आजीकडे जन्माचा दाखला नव्हता. वय विचारलं की ती म्हणायची, "सत्याग्रहाच्या सालची मी." तिचं माहेर नाशकातल्या पंचवटीतलं, काळारामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला आणि पुढे पाच वर्षं तो धगधगत राहिला. म्हणजे सत्याग्रहाचं साल असं एक नव्हतंच. पणजीने मात्र लेकीला सांगितलं होतं ते एवढंच, की बाहेर माणसं बसलेली, देवळाची दारं बंद आणि घरात मी बाळंतीण. "माणसांच्या हट्टापायी रामाला कोंडला होता गं तेव्हा," हे वाक्य आजी पणजीच्याच आवाजात म्हणायची.

स्वतःच्या बाबतीत असा पाच वर्षांचा घोळ. पण बाकी सगळ्या घराचा हिशेब तिच्याकडे चोख. तिचं पंचांग गंगेवरचं, म्हणजे आमच्या गोदावरीवरचं. गुरू सिंह राशीत आला की नाशकात सिंहस्थ भरतो, आणि आजीची मुलंबाळं त्या सिंहस्थांच्या आगेमागे जन्मलेली. आत्या १९५६च्या सिंहस्थातली, साधूंच्या मिरवणुका चालू असतानाची. काका त्यानंतर चौथ्या पावसाळ्यातले. आणि बाबा १९६९च्या महापुरातले. सराफ बाजाराच्या वरच्या अंगाला आमचा वाडा. सुईण गुडघाभर पाण्यातून आली, तिचं लुगडं चुलीपाशी वाळत घातलं आणि ते वाळायच्या आत बाबा झाले. ही गोष्ट सांगताना आजीला बाळापेक्षा लुगड्याचंच कौतुक जास्त. "हिरवं होतं, धुवट," असा रंगही सांगायची.

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की टीव्हीवर क्युसेकचे आकडे सुरू होत. आजीला ते आकडे कधी पटले नाहीत. ती बाबांना विचारायची, "मारुतीच्या कुठवर आलंय?" नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे निवांत. कमरेपर्यंत आलं की तळघरातली डाळ-तांदळाची पिंपं वर घ्यायची. छातीला लागलं की शेंगोळे.

शेंगोळे हे तिचं पुराचं जेवण. कुळथाच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून ती घट्ट गोळा मळायची. तेलाच्या हाताने पोळपाटावर त्याच्या लांब वळ्या करायची, करंगळीपेक्षा बारीक, आणि वळीची दोन टोकं जुळवून कडं ताटात मांडायची. उकळत्या रश्शात एकेक कडं सोडताना ओठ हलायचे. आम्हांला वाटायचं, स्तोत्र म्हणतेय. एकदा कान देऊन ऐकलं तर ती नावं घेत होती. माणशी किती याचा हिशेब. त्यात पुण्याला गेलेल्या काकांचंही नाव होतं, आणि त्यांच्या वाटचे चार शेंगोळे ती दरवेळी टाकायचीच. ते कुणी खायचे यावरून आम्हां नातवंडांत भांडणं होत.

लाड करणं तिला जमत नसे. जवळ घेणं नाही, पाठीवरून हात फिरवणं नाही. ताप आला तर कपाळाला हात लावून "आहे" किंवा "नाही" एवढंच म्हणायची. पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिची चौथीपर्यंत शिकलेली पेन्सिल रोज चालायची. "गॅस लागला." "दूध अर्धा जादा." "छोटीचा दात पडला." ती छोटी मी. जुनी कॅलेंडरं ती टाकू देत नसे. फडताळात गुंडाळ्या करून ठेवायची. ती गेल्यावर आम्ही उलगडून पाहिली. आम्हां सगळ्यांचे ताप, परीक्षा, दात, गावाला जाणं-येणं, सारं त्यात होतं. तिच्या स्वतःबद्दल एक चौकोनही नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या तारखेवरही लिहिलेलं, "पेपरवाल्याचे दिले."

आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा घरात सभाच भरली. आत्या १९३० म्हणे, काका १९३५. शेवटी १ जानेवारी १९३२ लिहिलं, मधलं, कुणालाही न दुखावणारं. आजी खूप हसली. "इंग्रजांचं नवं साल नि मी एकाच दिवशी? बरंय, फटाके आपोआप वाजतील."

२०१९ साली श्रावण नुकता लागला होता. ऑगस्टमध्ये आलेल्या पुरात मारुती पुरता पाण्याखाली गेला. ते आजीला सांगितलं तेव्हा ती अंथरुणावर होती. "पिंपं वर घेतली का?" एवढंच विचारलंन. त्यानंतर आठवड्याच्या आत ती गेली. अस्थी विसर्जनासाठी देशभरातून माणसं रामकुंडावर येतात. आम्ही दहा मिनिटांवर राहणारे, पण पाणी ओसरेपर्यंत थांबावं लागलं. मृत्यूच्या दाखल्यावर वय लागतं. तिथेही आधारातलाच आकडा गेला.

आता घरात कुणीच तारखा सांगत नाही. भाचीचा जन्म? आजी गेली त्याच्या पुढच्या साली. वाड्याची मागची भिंत? आजी गेली त्या पावसात. सगळ्यांच्या खुणा जपणारी बाई स्वतःच खूण होऊन बसली, आणि आमचं पंचांग तिच्यापासून सुरू झालं. २०२७च्या सिंहस्थात भाची विचारील, पणजी केव्हाची? तिला आम्ही सांगू, सत्याग्रहाच्या सालची. पाच वर्षांतलं कुठलं, हे तिने हवं तर स्वतः ठरवावं.